मेंदूत जोडण्या वाढतात तशा तुटतातही, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बाळाच्या मेंदूवर जो लेख आला होता त्याबद्दल लिहितोय. त्यात म्हटलं होतं की बाळाच्या मेंदूत पेशी-पेशींमध्ये सेकंदाला दहा लाख नवीन जोडण्या होतात, जोडण्या जितक्या जास्त तितकं मूल हुशार, म्हणून फ्लॅश कार्ड दाखवा, म्युझिक लावा, ॲप घ्या, कारण तीन वर्षं झाली की दार बंद! मी बरीच वर्षं ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवलंय, आता रिटायर आहे, पण हे वाचून गप्प बसवेना. वेग अफाट असतो यात वादच नाही, पण गोष्ट अर्धीच सांगितलीय आणि त्या अर्ध्या गोष्टीवर आईबापांना घाबरवलंय.

आधी हे बघा की या जोडण्यांचं मोठं काम आपण काहीही न करता होतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी असतात, आणि मेंदूच्या वरच्या थरातले बहुतेक सगळे तर जन्माआधीच तयार झालेले असतात. प्रत्येक न्यूरॉन एक लांब तंतू बाहेर काढतो, त्याच्या टोकाला ग्रोथ कोन नावाचा चपटा पंजासारखा भाग असतो आणि तो अंधारात हात चाचपडत जावं तसा पुढे सरकतो. स्पेनच्या काहाल या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात तो ओळखला, तोही रंग दिलेल्या निर्जीव स्लाइडवर, आणि हा भाग वाढत पुढे जात असणार असं नुसतं बघून सांगितलं. पुढे १९०७ मध्ये हॅरिसनने बेडकाच्या गर्भाचा तुकडा काचेवर जिवंत ठेवून तंतू वाढताना प्रत्यक्ष पाहिला. काहालचं मला अजून नवल वाटतं.

आता हा तंतू जातो कुठे हे कोण ठरवतं? रस्त्यातली रसायनं. नेट्रिनसारखी काही प्रथिनं त्याला ओढतात, काही ढकलतात. त्यांचा शोध लागायच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकात, स्पेरी या शास्त्रज्ञाने न्यूट (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीतला प्राणी) आणि बेडकांवर प्रयोग केले. डोळ्याची नस कापली, डोळा १८० अंशात उलटा फिरवला आणि नस परत वाढू दिली. तंतू परत आपापल्या जुन्या जागीच जाऊन जोडले गेले, त्यामुळे त्या प्राण्याला जग उलटं दिसायला लागलं, माशी वर असली की हा झडप खाली घालणार, आणि कितीही दिवस गेले तरी ते सुधारलं नाही. म्हणजे ढोबळ वायरिंगचा पत्ता पेशीकडे आधीच असतो, तो फ्लॅश कार्डने बदलत नाही.

पत्ता ढोबळ असतो म्हणून पुढचं बारीक काम करावं लागतं आणि लेखात नेमकं हेच गायब आहे. मेंदू आधी भरमसाठ बनवतो आणि मग तोडतो. कोंबडीच्या गर्भात मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींपैकी सुमारे अर्ध्या अंडं फुटायच्या आधीच मरतात, कारण जिकडे पोचायचं तिथून मिळणारं पोषक प्रथिन सगळ्यांना पुरत नाही. असं पहिलं प्रथिन शोधल्याबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. पेशींचं जे तेच जोडण्यांचं. हुटेनलोखरने माणसांच्या मेंदूतल्या जोडण्या मायक्रोस्कोपखाली अक्षरशः मोजल्या. दृष्टीच्या भागात त्या आठ महिन्यांच्या आसपास सगळ्यात जास्त असतात आणि अकराव्या वर्षापर्यंत त्यातल्या साधारण ४० टक्के गेलेल्या असतात. कपाळामागच्या भागात तर ही छाटणी विशीतही चालू असते, मग तीन वर्षांत कसलं दार बंद?

उंदरांवरच्या कामातून आता हेही कळलंय की दुबळ्या जोडण्यांवर एक प्रथिन खूण करतं आणि मायक्रोग्लिया नावाच्या पेशी त्या खाऊन टाकतात. जास्त म्हणजे हुशार म्हणणाऱ्यांनी फ्रॅजाइल एक्स हा आनुवंशिक आजार जरूर बघावा. त्यात जोडण्यांसाठीचे छोटे काटे जास्त दाट असतात पण लांबट, कच्चेच राहिलेले असतात आणि मुलाला शिकायला अडचण येते.

कुठली जोडणी ठेवायची हे बऱ्याच अंशी वापरावर ठरतं. ज्या पेशी एकाच वेळी विजेचे संदेश सोडतात त्यांच्यातली जोडणी टिकते, एकटी पडणारी मागे पडते. आणि गंमत म्हणजे हा वापर डोळे उघडायची वाट बघत नाही, फेरेट, मांजर अशा पिल्लांत उजेड दिसायच्या आधीच डोळ्याच्या पडद्यावर आपोआप विजेच्या लाटा उठतात आणि त्याच जोडण्या घासूनपुसून घेतात. बाहेरून काही शिकवायची सोयच नाही तिथे, पण काम जोरात चालू!

मग बाहेरच्या अनुभवाचं काहीच नाही का, तर आहे, पण लेखात लिहिलंय तसं नाही. ह्युबेल आणि वीझल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे शिवून बंद ठेवला, नंतर उघडला, डोळा ठणठणीत, पण मेंदू त्याच्याकडून काही घेईना, कारण त्याची जागा उघड्या डोळ्याने बळकावली होती. मोठ्या मांजराला हेच केलं तर काही होत नाही. भाषेतही असंच. वेर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. सहा-आठ महिन्यांची बाळं फरक ओळखायची, वर्षाच्या आसपास बहुतेकांना तो ओळखता येईना. हा तोटा नाही हो, आपल्या भाषेसाठी कान तयार होतोय. पण या सगळ्यात मेंदूला लागतं काय? उजेड, आवाज, बोलणारी माणसं, जवळ घेणं. हे जिथे अजिबात मिळत नाही, जसं रोमानियातल्या जुन्या अनाथालयांत झालं, तिथे नुकसान खरंच मोठं असतं. पण टंचाईने नुकसान होतं म्हणून भरमार केल्याने फायदा होतो असं निघत नाही. मोझार्टचं संगीत ऐकलं की बुद्धी वाढते या समजाचंच घ्या, त्यामागचा १९९३ चा गाजलेला प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता आणि परिणाम काही मिनिटं टिकला, बाळांचा त्याच्याशी संबंधच नव्हता, तरी सीड्या विकल्या गेल्याच ना.

भीतीच घालायची तर जिथे दार खरंच लवकर लोटलं जातं तिथे घाला. बाळाची श्रवण तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी, शंका असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत असं तज्ज्ञ सांगतात, कारण आवाज पोचलाच नाही तर ऐकण्याचा भाग दुसऱ्याच कामाला लागतो. जन्मतः दाट मोतीबिंदू असेल तर ऑपरेशनसाठी हातात काही आठवडेच असतात. डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसणं, एक डोळा सतत तिरळा राहणं, आवाजाला न दचकणं, हे दिसलं की लगेच डॉक्टरकडे जायचं. लेखात यातलं एक अक्षर नव्हतं. पुढच्या रविवारी त्याच पानावर एवढी चौकट तरी छापा, खेळण्यांच्या यादीला मिळाली होती तेवढी जागा पुरेल.

आपला,
एक जुना वाचक