दुखणं दाताचं नाही, मीनू

सातारा

चि. मीनूस अनेक आशीर्वाद.

तू रविवारी फोन ठेवलास, तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. 'पोरीला सारखं टोचता' म्हणते. फोनवर तो विषय पुन्हा काढणार नाही असं तिला कबूल केलंय, म्हणून लिहायला बसलो.

तू म्हणालीस, "बाबा, तुमचं झाल्यापासून तुम्हाला सगळ्यांच्यात हार्टच दिसतं." असेलही. पण गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चार भिंतीच्या टेकडीवर चढताना मी तुझ्या मागेच होतो. तू थांबलीस, हातानं खालचा जबडा दाबून धरलास. पाच मिनिटं टेकलीस, बरं वाटलं म्हणून उठलीस. पुढच्या चढाला पुन्हा तेच. पुण्याला गेल्यावर डेंटिस्टकडे एक्स-रे काढलास, दात चांगले निघाले आणि तू विषय संपवलास. माझी काळजी तिथून सुरू झाली.

चढ लागला म्हणून दात दुखत नाही गं. चाललं की येतं आणि थांबलं की जातं, असं दुखणं हृदयाचं असू शकतं. त्याला अंजायना म्हणतात. हृदयाच्या स्वतःच्या धमन्या अरुंद झाल्या तरी बसल्या जागी रक्त पुरतं. चढावर मागणी वाढली की कमी पडतं. ते दुखणं दरवेळी छातीतच जाणवेल असं नाही. जबडा, गळा, खांदा, हात, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठंही येतं. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी नुसती धाप, घाम, मळमळ, नाहीतर कशानंच न जाणारा थकवा. आत्या शेवटपर्यंत पित्तच म्हणत होती.

आत्याचं लिहायचं नव्हतं. राहू दे.

यवतेश्वरच्या घाटातून तू २१ किलोमीटर पळालीस, ते पदक आईनं अजून देवघराशेजारी लावलंय. त्या दिवशी पोवई नाक्यावर भेटेल त्याला मी सांगत सुटलो होतो, माझी मुलगी पळाली म्हणून. घामानं निथळत तू आलीस, पहिला घोट आईला पाजलास आणि मग स्वतः पाणी प्यायलीस. ती मुलगी चार भिंतीला दोनदा बसते, आणि मी गप्प कसा राहू? सुहासराव म्हणतात, एवढी पळणारी, तिला काय होणार. व्यायामानं धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. माझा स्टेंट, धमनी उघडी ठेवणारी ती जाळीची नळी, ५२ व्या वर्षी बसला. वडिलांना ५५ च्या आत झालं, तर मुलांनी लवकर सावध व्हायचं असतं. शिवाय ओवीच्या वेळी तुझी साखर वाढली होती. बाळंतपणानंतर ती उतरली, तरी पुढं मधुमेहाचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्तच राहतो. हे तुला कुणी सांगितलं होतं का?

ऑफिसच्या तपासणीत ईसीजी नॉर्मल आला म्हणतेस. दुखत नसताना, झोपवून काढलेला ईसीजी आजार असूनही नॉर्मल येऊ शकतो. म्हणून ट्रेडमिलवर चालवून बघतात, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतात, कधी धमन्या बघायला सीटी अँजिओग्राफी. तुला काय लागेल ते डॉक्टर ठरवतील, पण तू त्यांना 'जबडा दुखतो' एवढंच सांगू नकोस. चढताना दुखतो आणि थांबल्यावर दुखायचा थांबतो, हे सांग. तीन महिन्यांची सरासरी साखर, एलडीएल म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, आणि बीपीही बघायला सांग.

नळात गाळ साचावा तसं हे होतं, असं लोक समजतात. माझ्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, चरबीचा थर धमनीच्या भिंतीतच वाढतो. त्यावरचा पातळ पापुद्रा फाटला की तिथं रक्ताची गुठळी धरते, आणि अर्धीसुद्धा न तुंबलेली धमनी काही मिनिटांत बंद होऊ शकते. म्हणून 'अजून फार नाही' म्हणून थांबण्यात अर्थ नाही.

बघ, पुन्हा शिकवायला लागलो. रागावू नकोस. तू लहान नाहीस, अख्खी टीम सांभाळतेस, आईचं मोतीबिंदूचं सगळं तूच पुण्यातून जमवलंस. आम्ही तुझ्याच भरवशावर आहोत. म्हणूनच हा जीव वर-खाली होतो.

एवढं मात्र लक्षात ठेव. बसल्या जागी दुखलं, विश्रांतीनंही थांबेना, घाम फुटला, किंवा आधीपेक्षा थोड्याच चालण्यानं दुखायला लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा. गाडी स्वतः चालवायची नाही. सुहासरावांनाही हे वाचून दाखव.

ओवीच्या शाळेमुळं वेळ होत नाही म्हणालीस ना, तर मी बुधवारी सकाळच्या एसटीनं येतोय. तिला शाळेतून मी आणेन, जेवायलाही घालेन. तू गुरुवारची वेळ घेऊन ठेव. माझी जुनी फाईल बरोबर आणतोय, डॉक्टरांना दाखवायला.

तुझे,
बाबा