रापणीची वाट मोकळी करा

महोदय,

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या वाडीत रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला तीस-चाळीस माणसं लागतात, आणि त्यांना किनाऱ्यावर उतरायला वाट लागते. ती वाट गेल्या दिवाळीनंतर एका रिसॉर्टच्या चिरेबंदी गडग्याआड गेली. आता भिजलेलं जाळं खांद्यावर घेऊन खाडीकडून पाऊण तासाचा वळसा. आई ओहोटीला खडकावरची कालवं, म्हणजे शिंपले, काढायला निघाली, तर पहारेकरी विचारतो, "आजी, कुणाकडे आलात?" लग्न होऊन आली तेव्हापासून जातेय ती तिथं!

२०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासे सुकवायचे ओटे किनारा आराखड्यात दाखवायचे असतात. आमची वाट त्यात आहे का, हे विचारायला रापणकर आणि कालवंवाल्या बायका प्रथमच एकत्र बसलो. भांडणही झालं, खोटं कशाला सांगू? बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात आपणही पिल्लं उचलतो, हे बायकांनी तोंडावर सुनावलं. शेवटी ठरलं : बारीक आस बंद, कालवं घरापुरतीच, लहान असतील ती खडकावरच ठेवायची.

आमचा अर्ज दिलेला आहे. अधिकाऱ्यांनी जागा पाहायला यावं, पण ओहोटीला. भरतीत कालवांचा खडक दिसत नाही.

– एक रापणकर, वेंगुर्ले तालुका