मनोरुग्णालयांबाहेरची सोय कोण करणार?

महोदय,

येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा विषय निघाला की, अमेरिकेत अशी रुग्णालये न्यायालयांनीच बंद पाडली, असे ठासून सांगणारे पुण्यात अनेक भेटतात. हे अर्धसत्य आहे. तेथील सरकारी मनोरुग्णालयांतील रुग्णसंख्या 1955 नंतर, म्हणजे महत्त्वाचे निकाल लागण्याआधीच, नव्या औषधांमुळे आणि पुढे सरकारी अनुदानाच्या नियमांमुळे उतरू लागली होती.

न्यायालयांनी काय केले, हे अलाबामातील वायट खटल्यावरून कळते. पाच हजारांहून अधिक रुग्ण असलेल्या ब्राइस रुग्णालयात 1970 मध्ये नोकरकपात झाली आणि दाद मागायला प्रथम पुढे आले ते कर्मचारी. रुग्णांचा हक्क हा खटल्याचा गाभा त्यानंतर झाला. इच्छेविरुद्ध ठेवलेल्या रुग्णाला उपचार मिळालेच पाहिजेत, असे सांगून न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी 1972 मध्ये कर्मचाऱ्यांच्या किमान संख्येसह निकष ठरवून दिले. ते पाळायचे तर एक तर माणसे नेमायची किंवा रुग्ण कमी करायचे, आणि दुसरा मार्ग स्वस्त होता. धोकादायक नसलेल्या व बाहेर सुरक्षित राहू शकणाऱ्या माणसाला नुसते डांबून ठेवता येणार नाही, हा डोनाल्डसन नावाच्या रुग्णाच्या खटल्यातील अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1975 मध्ये आला. मात्र बाहेर पडलेल्यांच्या निवाऱ्यासाठी पुरेसा पैसा कोणी दिला नाही.

आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे. कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा समाजात सोयी नाहीत, एवढ्याच कारणावरून कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे तो सांगतोच, शिवाय अशा सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाबाबत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी निर्देश दिले. तरीही महाराष्ट्रात अशा रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवण्याचा प्रकार घडला व तो थांबवण्यासाठी 2021 मध्ये त्याच न्यायालयाला बजावावे लागले. कागदोपत्री खाटा रिकाम्या दाखवण्याची ही युक्ती अलाबामापेक्षा फारशी वेगळी नाही.

म्हणून येरवड्यातील खाटा कमी करण्याचा विचार करण्याआधी, बऱ्या झालेल्यांसाठी पुणे जिल्ह्यात किती पुनर्वसन गृहे चालू आहेत, त्यांत किती जागा आहेत आणि चालू अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी किती तरतूद आहे, हे राज्याच्या आरोग्य विभागाने जाहीर करावे.

— एक वाचक, कोथरूड, पुणे