चि. मनीषास

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

काल फोन आपटलास, म्हणून कागद घेतला. पत्र मधेच तोडता येत नाही. कोपराला नुसतं खरचटलंय, मान्य. त्या पोरालाही फार लागलं नाही, देवाची कृपा. पण म्हणून चालत्या स्कूटरचं हँडल धरायचं? याबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो, तर पहिल्या चार ओळींतच आलं.

अगं, त्या इलेक्ट्रिक गाडीला आवाजच नसतो. फटफटी दोन शेतं पलीकडून कळायची, माणूस आपसूक बाजूला व्हायचा. ही शेजारून गेली की मगच कळते. मूठ पिळली की तिथल्या तिथे झेप घेते. फाट्यावर दिवा नाही, समोरून उसाची ट्रॉली डोळ्यांवर उजेड मारत येणार, आणि तू मधोमध उभी, खाकीत. चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट घालतेस का? खरं सांग.

तू म्हणालीस, "नाना, नंबरप्लेटच नाही, सोडला तर गेला." खरं आहे. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला की नोंदणी नको, लायसन्स नको. पोरं वेगाची मर्यादा कुणाकडून तरी काढून घेतात. मग ती कायद्यानं मोटार वाहनच झाली. नोंदणी, विमा, लायसन्स, हेल्मेट सगळं लागू. पण अंधारात नुसतं बघून ते कळणार कसं? हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंच असेल, मी आपला सांगत बसलोय.

पण गावात नंबरप्लेट लागते कुणाला? पांढरी स्कूटर, डावा आरसा तुटलेला, पुढे किटली अडकवलेली. कुणाची ते पारावरचं कुणीही सांगेल. जाऊ दे त्याला. सकाळी पोलीस पाटलांना घेऊन घरी जा. गाडी तिथेच चार्जिंगला लावलेली असेल. बापाला कलम 199अ समजावून सांग: अल्पवयीन पोरानं मोटार वाहनावर गुन्हा केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, पोराला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. त्याच कलमात पालकाला सुटायला एक वाट आहे, मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायची. तू पाटलांसमोर सांगून आलीस की ती वाट बंद. मग चावी बापच काढून घेतो. मी पाटीलकी केली त्या काळात रस्त्यावर एकालाही धरलं नाही. धरले ते सगळे त्यांच्याच ओट्यावर बसून.

झालं, भाषण झालंच. रागावू नकोस. नोकरी तुझी, वर्दी तुझी.

तू सहावीत होतीस तेव्हा आप्पांचा बैल दावं तोडून शाळेच्या वाटेला लागला होता. बारकी पोरं रडत मागे पळाली आणि तू हात पसरून त्याच्यापुढे उभी. बैल थांबला, कसा कुणास ठाऊक. तुझी आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती, जणू मीच तुला तिथे उभं केलं होतं. मी मात्र ती गोष्ट अजून येईल त्याला सांगतो. तुझ्या भरतीचे पेढे वाटतानाही सांगितली. पण बैलाला समोरचं माणूस दिसत होतं गं. सोळा वर्षांचं पोर, मागे दोन मित्र, एकाच्याही डोक्यावर हेल्मेट नाही, तुला बघून घाबरलेलं. ते ब्रेक दाबेल की मूठ पिळेल, याचा भरवसा कोण देणार?

थांबवायचंच असेल तर बाजूला उभी राहा, टॉर्च हलव, सोबत कुणी असल्याशिवाय नको. साहेबांकडे बॅरिकेड मागून घे. एकदा मागून मिळत नसेल तर दोनदा माग.

बाळूच्या गाडीचं काम झालं. बाकी सगळं ठीक.

तुझे,
नाना

ता. क. आईला कोपराचं सांगितलेलं नाही. रविवारी ती फोन करेल तेव्हा तूही बोलू नकोस. आणि जॅकेटचं कळव.