एकट्या यशवंतरावांचे नव्हे

इटलीतील मोन्तोने येथे व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळालेले नाईक (लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे यांच्या स्मारकाचे भारताच्या संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याची बातमी वाचली. माणगाव तालुक्यातील पळसगावच्या सुपुत्राचा परमुलखात असा सन्मान व्हावा, याने ऊर भरून आला.

मात्र आपल्याकडे ही आठवण एका नावापाशी थांबते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना १० जुलै १९४४ रोजी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील बाकीचे सारे जवान ठार किंवा जखमी झाले. त्यानंतरच ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि ठाणे जिंकून तिथेच पडले. ते जवान पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे होते. त्यांची नावे आज किती जणांना ठाऊक आहेत?

यशवंतरावांनाही कबर नाही. इटलीतच कासिनो येथील युद्धस्मारकावर फक्त नाव आहे. इटलीत कामी आलेल्या या बटालियनच्या सर्व जवानांची नावे, गावांसह, मराठीत कोरलेली शिळा शासनाने माणगावात उभारावी.

– एक वाचक, माणगाव (रायगड)