फाटलेलं गनाश टाकू नकोस

चि. निखिल, अ. उ. आशीर्वाद.

काल रात्री फोनवर ट्रफलच्या चॉकलेटी गोळ्यांसाठीचं गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं मिश्रण, फाटल्याचं सांगताना तू तीनदा खोकलास. खोकल्याबद्दल विचारायचं नाही असं ठरवलंय, म्हणून ट्रफलचंच लिहिते.

चूक चॉकलेटपासूनच झाली. ८५ टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये कोको बटर एवढं असतं की ते क्रीमशी मिळून येत नाही, तूप सुटतं. ५५ ते ६० टक्क्यांचं आण. २०० ग्रॅमला १०० ग्रॅम क्रीम, वाटीने नाही, काट्यावर. तिथे ३० टक्के फॅटचं सहज मिळतं. इथे मी २५ टक्क्यांच्या अमूलवर भागवते.

फाटलेलं टाकू नकोस. कोमट दूध एकेक चमचा मधोमध घाल आणि तिथेच छोटे गोल फिरवत ढवळ. दोन-तीन चमच्यांत चकाकी परत येते.

मसाल्याची पूड नको, जिभेवर रवाळ लागते. ४ वेलदोडे सालासकट ठेचून, पेराएवढी दालचिनी, ५ मिरे, सुंठेचा छोटा तुकडा. क्रीमच्या कडेला बुडबुडे दिसले की शेगडी बंद, झाकून २० मिनिटं. गाळल्यावर पुन्हा वजन कर! मसाला आणि गाळणी मिळून थोडं क्रीम खातात; ते भरून पुन्हा १०० कर. तू हे केलं नसणार, म्हणजे क्रीम आणखी कमी पडलं. उरलेली सुंठ मधात उगाळून चाट. झालं, एवढंच.

क्रीम परत गरम करून बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओत आणि दोन मिनिटं हात लावू नकोस. तुला ते जमायचं नाही. इडलीपात्राचं झाकण दर पाच मिनिटांनी उघडून बघायचास, आणि माई ओरडली की मोरीत लपायचास. कोमट झालं की २० ग्रॅम मऊ लोणी घाल. फ्रिजची घाई नको, कडा आधी घट्ट होतात. बाहेरच दोन-तीन तास ठेव. मग १२ ग्रॅमचा एकेक गोळा, पंचवीसेक होतील. तळहात गार पाण्याने धू, पण कोरडे पूस, नाहीतर गोळ्यांवर घोळवायची कोको पूड चिकटून लगदा होतो. गोळे हातातच वितळतात म्हणालास. अंगात कणकण नाही ना? थर्मामीटर बाबांनी निळ्या पाउचमध्ये ठेवलाय. तो चॉकलेटमध्ये बुडवू नकोस.

रात्री दोनला क्रीम तापवत उभं राहायचं, सकाळी उपाशी ऑफिसला पळायचं, मग प्रकृतीने तरी किती ऐकावं? राहू दे. चुकलं माझं, परक्या गावी तूच सगळं निभावतोयस. विकतचा डबा न नेता ऑफिसात हातचं नेणार, हे मी कालपासून तिघींना सांगून झालंय. आतू म्हणाली, आमच्याकडे चहासुद्धा करत नव्हता.

नाताळमुळे २४ तारखेला दुपारनंतर तिथली दुकानं बंद, २५-२६ सुट्टी. क्रीम २३ लाच आण. डॉक्टरही तेव्हा भेटायचे नाहीत, म्हणून त्याच फेरीत दाखवून ये. गोळे घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतात; देण्याआधी अर्धा तास बाहेर काढ, गार ट्रफलला वेलदोड्याचा वास लागत नाही.

तुझी आई

ता. क. सुंठ मसाल्याच्या डब्यात शोधू नकोस. मेतकुटाच्या पिशवीत आहे.