‘तुम्ही ईएमटी का झालात?’ : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सादर नमस्कार.

मी कळव्याला, खारेगावात राहते. वय ३१. गेली नऊ वर्षं खासगी रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन (रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णावर तातडीचे उपचार करणारी) म्हणून काम करते. आपल्याला या शब्दाचा अर्थ सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. रस्त्यावर लोक मला ‘सिस्टर’ म्हणतात, सोसायटीत ‘ॲम्ब्युलन्सवाली’ म्हणतात, म्हणून कामाचं पूर्ण नाव लिहिलं. आपला वेळ मोलाचा आहे. थोडक्यात लिहायचं ठरवून बसले होते, ते जमलेलं नाही, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

गेल्या मंगळवारी मी एका संस्थेत मुलाखतीला गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्याच एका वरिष्ठ अधिकाऱ्यांनी चार महिन्यांपूर्वी व्यासपीठावरून शब्द दिला होता की अनुभवी ईएमटींना तातडीच्या विभागात कायम घेऊ. आम्ही पंधरा-वीसजण समोर बसलो होतो. टाळ्या वाजवल्या. दोघांनी तर त्या भरवशावर हातातल्या नोकऱ्या सोडल्या.

मुलाखतीत पहिला प्रश्न आला, “तुम्ही ईएमटी का झालात?” मी बोलायला सुरुवात केली आणि साहेबांचा फोन वाजला. फोन झाल्यावर त्यांनी माझी फाइल माझ्याकडे सरकवली. “ताई, या नावाचं पदच आमच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत नाही. मदतनीस म्हणून अर्ज टाका, कंत्राटी.” मी म्हटलं, सर, प्रश्नाचं उत्तर राहिलं. ते म्हणाले, “पुढच्याला पाठवा.”

ते उत्तर आता आपल्याला देते. ऐकून घ्या.

माझे बाबा रबाळे एमआयडीसीत प्रेस मशीनवर होते. आम्ही तेव्हा दिघ्याला राहायचो. जुलै २०१०, मी दहावीत होते. दुपारी त्यांच्याबरोबर काम करणारे एक काका घरी धावत आले. पत्र्यानं बाबांचा उजवा हात कोपराच्या खाली चिरला होता. कंपनीच्या टेम्पोतून त्यांना एका रुग्णालयात नेलं होतं, तिथे दारातच सांगितलं, इथे सर्जन नाहीत, पुढे न्या. आई आणि मी तिथे टेम्पोत चढलो. मुसळधार पाऊस होता. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं होतं आणि दोन्हीकडून गाड्या अडकल्या होत्या. बाबा शुद्धीवर होते. आईला म्हणाले, “पोरीला पुढे ड्रायव्हरजवळ बसव, तिला हे दिसायला नको.” मी गेले नाही.

कापड रक्तानं भिजलं की काका ते सोडायचे, जखम बघायचे आणि नवं बांधायचे. असं चार वेळा झालं. पहिला रुमाल, मग काकांचा शर्ट, मग टेम्पोतला फडका, आणि चौथी माझी ओढणी. शाळेच्या गणवेशाची पांढरी ओढणी, मीच काढून दिली. आपण बाबांना मदत करतोय असं मला वाटत होतं. पाण्यातून गाडी बाहेर निघाली तेव्हा बाबा बोलायचे थांबले होते. दुसऱ्या रुग्णालयात पोहोचलो तेव्हा काही उरलं नव्हतं.

सहा वर्षांनी ईएमटीच्या वर्गात सर फळ्यावर लिहीत होते. रक्त वाहत असेल तर जखमेवर थेट दाब. तळहातानं, पूर्ण जोर लावून, सलग. कापड भिजलं तर काढायचं नाही, त्यावरच दुसरं ठेवायचं. मध्येच उचलून बघायचं नाही, कारण धरत आलेली गुठळी सुटते आणि रक्त पुन्हा पहिल्यापासून वाहायला लागतं. चार ओळी होत्या साहेब. मी वर्गातून उठले आणि जिन्यात जाऊन बसले. सर मागोमाग आले, बरं वाटत नाही का म्हणाले. मी त्यांना काहीच सांगू शकले नाही. काकांनाही हे कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. ते अजून बाबांच्या तिथीला न चुकता येतात.

पण बाबांसाठी मी त्या वर्गात गेले, असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. मी नोकरीसाठी गेले. नर्सिंगची फी आईला झेपणारी नव्हती. हा कोर्स एका वर्षाचा होता, जाहिरातीत ‘नोकरीची हमी’ लिहिलं होतं, आणि आईनं बचत गटातून ३८ हजार उचलले. पोट भरायला कोणी या कामात आलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? मुलाखतीत सगळे ‘समाजसेवा’ म्हणतात, कारण ते ऐकायला आवडतं. पगार पाहिजे म्हणून आले आणि बाबा तिथे भेटले, ही माझी खरी गोष्ट आहे.

त्याच सरांनी आम्हाला अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराची हकीकत सांगितली होती. १९६७ साली तिथल्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीतल्या बेरोजगार तरुणांना घेऊन ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. नोकरीच्या लायकीचे नाहीत असं ज्यांना म्हटलं जायचं, त्यांना डॉ. पीटर सफार यांनी श्वासमार्ग मोकळा करण्यापासून हृदय बंद पडल्यावर काय करायचं इथपर्यंत सगळं शिकवलं. पॅरामेडिक, म्हणजे रुग्णवाहिकेतच उपचार करणारा, हा पेशा अमेरिकेत ज्यांनी घडवला, त्यात ही माणसं पहिल्या फळीत होती. १९७५ साली शहरानं स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. वर्गात ऐकताना ही मला दूरदेशीची गोष्ट वाटली होती. मंगळवारी मुलाखतीहून परतताना कळव्याच्या पुलावर ती आठवली आणि रिक्षात रडू आवरेना.

तरी मी नऊ वर्षं का टिकले, तेही सांगते. गेल्या पावसाळ्यात रात्री गायमुखहून केस घेतली. ५२ वर्षांचे गृहस्थ, छातीत दुखत होतं, अंग घामानं भिजलेलं, पत्नी बरोबर. घोडबंदर रोडवर कंटेनरची रांग लागली होती. कासारवडवलीजवळ त्यांचं हृदय थांबलं. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत त्याला इजा व्हायला लागते. छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. ड्रायव्हरदादांना गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, प्रत्येक दाब किमान पाच सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. गाडीत एईडी, म्हणजे थांबलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र होतं. एक शॉक दिला, पुन्हा दाब सुरू केले. दोन मिनिटांनी मानेवर बोटं ठेवली तर नाडी लागली.

बोटाखाली पुन्हा नाडी लागणं म्हणजे काय, हे लिहून सांगता येत नाही. पगार कितीही असो, त्या स्पर्शासाठी माणूस पुन्हा रात्रपाळीला जातो.

रुग्णालयात पोहोचलो. माझ्या कागदावर सगळं होतं. दुखणं कधी सुरू झालं, हृदय किती वाजता थांबलं, शॉक किती वाजता दिला, सगळ्याच्या वेळा. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मला ओलांडून ड्रायव्हरदादांना विचारलं, “कधी पडला पेशंट?” मी कागद पुढे केला. तो त्यांनी न वाचता स्ट्रेचरवर टाकला, आणि चादर बदलताना तो चादरीबरोबर गेला. हँडओव्हर, म्हणजे रुग्ण माहितीसह सोपवणं, म्हणतात तो हा. त्या गृहस्थांच्या पत्नीचा बारा दिवसांनी फोन आला, घरी आणलं म्हणून. माझा नंबर त्यांनी ड्रायव्हरदादांकडून मिळवला होता, कारण माझं नाव कुठेच नोंदलेलं नव्हतं.

माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर ‘हेल्पर’ लिहिलेलं आहे. बारा तासांची पाळी, महिन्याला १४ हजार. त्यातून हातात काय येतं ते माझी आई जाणते.

आता आपल्याला थेट विचारते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. ९३७ गाड्या आल्या, २३३ ॲडव्हान्स लाइफ सपोर्टच्या, म्हणजे जास्त उपचार-साधनांच्या, आणि ७०४ बेसिक, म्हणजे प्राथमिक साधनांच्या. बाबांच्या वेळी हा नंबर असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्या सेवेचं चांगलंच चिंतते. पण हैदराबादेत २००५ साली जी १०८ सुरू झाली तिनं गाड्यांवर ईएमटी नेमले, आणि आपल्या राज्यानं डॉक्टर नेमायचं ठरवलं. डॉक्टर असण्याला माझा विरोध कशाला असेल? पण मग शेजारच्या राज्यांत ज्या शिक्षणावर माणसं मानानं काम करतात, त्याच शिक्षणाला इथे किंमत का नाही? आमच्याकडून फी घेणारे वर्ग चालू आहेत, आणि शिकून बाहेर पडलो की पद नाही. हजारो मुलामुलींना या खड्ड्यात का ढकललं जातंय?

२०२१ साली संसदेनं सहयोगी आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, पॅरामेडिक हे नाव छापलेलं आहे. त्या पानाची प्रिंट मी मुलाखतीला नेली होती. फाइल उघडलीच गेली नाही. देशाच्या कायद्यात मी आहे आणि ठाण्यातल्या एका टेबलावर नाही, हे कसं?

मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ म्हणजे गंभीर दुखापतीनंतरचा एक तास, अशी व्याख्या आहे. रुग्णवाहिकेला वाट दिली नाही तर दहा हजार रुपये दंड आहे. नऊ वर्षांत माझ्या गाडीची वाट अडवणाऱ्या एकालाही तो झालेला मी पाहिला नाही, आणि माझ्या वहीत वर्षाला चारशेच्या वर फेऱ्या असतात. कायदे होतात, फलक लागतात, आणि तीन हात नाक्याला सायरन वाजत उभा राहतो.

आणि ती लोकार्पणं! पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की नारळ फुटतो, रुग्णवाहिकेची चावी दिली जाते, फोटो निघतात. मी अशा एका गाडीवर सात महिने होते. तिन्ही बाजूंना चेहरे छापलेले होते. आत घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन मशीन बंद होतं, आणि ऑक्सिजनचा सिलिंडर भरायला पैसे मागितले की पुढच्या आठवड्यात या म्हणायचे. एका आजीला मी त्या गाडीतून रिकाम्या सिलिंडरनं नेलं आहे. हातानं दाबायच्या अँब्यू बॅगनं वाटभर श्वास देत नेलं. गाडी कोणी दिली ते लांबून वाचता येत होतं, आत कोण बसलं आहे ते कोणी विचारलं नाही. सगळी यंत्रणा अशीच आहे. वस्तू विकत घेतल्या जातात, कारण त्यांचं उद्घाटन करता येतं. माणसाचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून माणसाला पद मिळत नाही.

माझा आवाज चढला आहे हे मला कळतंय. मी तो उतरवणार नाही.

मागणं मोठं नाही. तातडीच्या विभागाच्या आणि रुग्णवाहिकेच्या आकृतिबंधात ईएमटी हे पद घाला. जे आधीपासून काम करत आहेत त्यांची परीक्षा घ्या, उत्तीर्ण होतील त्यांची नोंदणी करा, मी उद्या परीक्षेला बसायला तयार आहे. आणि रबाळे, महापे, तुर्भे, वागळे, जिथे जिथे मशीन चालतात तिथे प्रत्येक पाळीतल्या चार माणसांना जखमेवर दाब कसा द्यायचा ते शिकवायची सक्ती करा. शिकवायला आम्ही येऊ. यासाठी मला मानधन दिलं नाही तरी चालेल. फळ्यावरच्या त्या चार ओळी आहेत, अर्ध्या तासात शिकवून होतात.

या पत्राला उत्तर येईल अशी आशा ठेवते. आलं तर त्यावर माझ्या नावापुढे ‘मदतनीस’ लिहू नका.

आपली,
एक ईएमटी
खारेगाव, कळवा, ठाणे